उभ्या काड्यांचा अँटेना

माझा नवरा नेव्हिल चर्चमध्ये जात नाही, पण टीव्हीच्या टॉवरवर त्याची श्रद्धा आहे. देशातला कुठला टॉवर कुठल्या डोंगरावर आहे, कुठल्याला अँटेनाच्या काड्या आडव्या लागतात आणि कुठल्याला उभ्या, हे त्याला तोंडपाठ. आमच्या लग्नाच्या तारखेची मात्र दरवर्षी मलाच आठवण करून द्यावी लागते.

आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, जुनी आहे. नव्या व्हॅनच्या छतावरच अँटेना असतो, आत बसल्या बसल्या एक खुंटी फिरवली की काम होतं. नेव्हिलला ते अजिबात पटत नाही. त्याच्याकडे तीन तुकड्यांचा खांब आहे. तो व्हॅनच्या पुढच्या दांड्याला कसायचा, वर अँटेना चढवायचा आणि बाहेर उभं राहून खांब बोटभर, बोटभर फिरवत राहायचं. टीव्ही आत. खांब फिरवणाऱ्याला चित्र दिसत नाही आणि चित्र बघणाऱ्याला खांब दिसत नाही, म्हणून या कामाला माणसं दोन लागतात. व्हॅन घेतल्यापासून एकतीस वर्षं तो बाहेरून "आता?" म्हणून ओरडतोय आणि मी आतून "बरंय", "गेलं", "अरे, मागे घे, मागे" म्हणून ओरडतेय. व्हॅन लावायच्या कुठल्याही साइटवर दुपारी तीनच्या सुमाराला जा, नवरा-बायको एकमेकांवर खेकसताना ऐकू येतील. ती भांडत नसतात, टीव्ही लावत असतात. काही जोडपी दोन्ही एकदम करतात.

या सप्टेंबरात आम्ही श्रॉपशरमधल्या एका साइटवर आठवडाभरासाठी गेलो. साइट मी निवडली होती. नेव्हिलने दोनदा विचारलं, "तिथेच का?" मी म्हटलं, ओकची झाडं छान आहेत. खरं कारण झाडं नव्हती. तिथून अर्ध्या तासावर वेल्सची हद्द लागते आणि वेल्समध्ये माझी मुलगी राहते.

रोवीनाला मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या जेवणाला ती एम्रिसला घेऊन आली. वेल्सचा, मेंढ्यांची लोकर कातरणारा, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, एक घटस्फोट झालेला. मी भर टेबलावर म्हणाले, "हा माणूस तुला वर्षभरात टाकून देईल, आणि तेव्हा माझ्या दारात येऊ नकोस." माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मला कळवते. रोवीना ताट तसंच ठेवून उठली. नंतर तिने नंबर बदलला, तेही नेव्हिलनेच मला सांगितलं.

दोन वर्षं मी ताठ्यात काढली. मग एक दिवस ताठा संपला आणि मी चार पानी माफीचं पत्र लिहिलं. नेव्हिल म्हणाला, "पत्ता खात्रीचा नाही, राणी. माझ्याकडे दे, तिच्या कुणा मैत्रिणीकडून शोधून मी पाठवतो." तीन आठवड्यांनी तो माझ्या शेजारी येऊन बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तिनं लिफाफा उघडलासुद्धा नाही, एव्हरिल. तसाच परत आला. मी फाडून टाकला, तुला बघवला नसता." मी रडले. तो म्हणाला, "मला तरी कुठे भेटते ती. आता आपण दोघंच." त्या दिवशी मला या माणसाबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती.

या जूनमध्ये रोवीनाला चाळीस पूर्ण झाली. मी ठरवलं, आता पत्रबित्र काही नाही. गाव कुठलं ते शोधायचं, जायचं, दारात उभं राहायचं. तिने दार तोंडावर आपटलं तर आपटलं. नेव्हिलला मी काही बोलले नव्हते. टीव्ही नीट लागला आणि समोर स्नूकरची मॅच असली की तो कशालाही हो म्हणतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी, मॅच लागल्यावर सांगायचं, असा माझा बेत होता.

आम्ही एकच्या सुमाराला पोचलो. व्हॅन जागेवर लावली, चाकाखाली फळ्या सरकवून सपाट केली, विजेची तार जोडली. मग नेव्हिल नेहमीप्रमाणे हात मागे बांधून साइटवर चक्कर मारायला गेला. नव्या साइटवर आलेला प्रत्येक पुरुष हेच करतो. फिरायला निघालोय असं दाखवतो आणि माना वर करून इतरांचे अँटेने बघतो. ज्या बाजूला दहा जणांची तोंडं, त्या बाजूला टॉवर. तो परत आला आणि म्हणाला, "सगळ्यांचे पूर्वेला. रेकिनचा टॉवर. काड्या आडव्या."

तोवर मी पुढच्या पेटीतून अँटेना बाहेर काढला होता. तो माझ्या एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला असतो. अभ्रा काढला आणि बघितलं तर काड्या उभ्या बसवलेल्या. नुसत्या उभ्या नाहीत, सांध्यावर काळी चिकटपट्टी तीनदा गुंडाळलेली.

आता हे सांगायला हवं की मे महिन्यात नेव्हिल एकटाच व्हॅन घेऊन लिंकनशरला जातो. गेली पाच वर्षं जातोय. तिथे कुणी स्वस्तातला मेकॅनिक आहे, तो ब्रेक बघतो, भिंतींना ओल लागलीय का तपासतो. चार दिवस लागतात, तेवढे दिवस नेव्हिल जवळच्याच साइटवर व्हॅनमध्ये राहतो. व्हॅन शेवटची बाहेर निघाली ती या मे महिन्यात. आणि लिंकनशर म्हणजे सगळा सपाट मुलूख, तिथे एकच मोठा टॉवर आणि काड्या आडव्या. उभ्या काड्या लागतात डोंगराळ भागात, जिथे दरीदरीत छोटे टॉवर असतात. मला हे कुणी शिकवलं नाही. एकतीस वर्षं एकाच माणसाचं व्याख्यान ऐकलं की आपोआप येतं. शिवाय मी पस्तीस वर्षं स्टोकच्या कारखान्यात कपांवर फुलं रंगवली आहेत. पाकळी केसभर वाकडी असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.

"अरे, या उभ्या कशा?" मी विचारलं.

"काय उभ्या?"

"काड्या. लिंकनशरला उभ्या लागत नाहीत."

नेव्हिलने अँटेना माझ्या हातातून घेतला. "प्रवासात सरकल्या असतील."

"चिकटपट्टीसकट?"

"तू ना, एव्हरिल, पोलिसात जायला हवं होतंस." तो हसला आणि नखाने पट्टी खरवडायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू चहा ठेव. टीव्हीला हात लावू नकोस, चॅनेल मी शोधतो."

मी आत आले आणि केटल भरता भरता थांबले. चॅनेल शोधणं माझं काम. खांब त्याचा, रिमोट माझा. एकतीस वर्षांत त्याने टीव्हीला हात लावू नको असं कधी म्हटलं नव्हतं. त्याला तर ते बटण कुठे आहे हेही माहीत नाही, असं मी समजत होते.

तेवढ्यात शेजारच्या व्हॅनमधला माणूस आला. डेस्मंड टकवेल, वुल्व्हरहॅम्प्टनचा, नवीकोरी व्हॅन, छतावर आपोआप फिरणारी मोठी डिश. ती डिश तासभर गोल गोल फिरत होती आणि तिला काही सापडत नव्हतं.

"दिसतंय, तुम्हाला यातलं कळतं," तो नेव्हिलला म्हणाला. "बायको म्हणते आठवडाभर माझंच तोंड बघायचं असेल तर ती घरी जाते."

"तुमच्या समोर ओक आहे," नेव्हिल म्हणाला. "डिशला दक्षिणेचं आभाळ मोकळं लागतं. झाडातून नाही दिसत तिला. साधा अँटेना आहे का?"

"आहे बहुतेक. खोक्यातच आहे. एकट्याला जमेल का बसवायला?"

"एकट्याचं काम नाही ते, मित्रा. कुणाच्या बापाला जमणार नाही. बाहेर एक आणि आत एक, याशिवाय होतच नाही. चला, दाखवतो."

नेव्हिलला कुणी विचारलं आणि तो गेला नाही, असं झालेलं नाही. चिकटपट्टी अर्धी लोंबकळत ठेवून तो गेला. त्याने दोन मिनिटं थांबून आधी आपला टीव्ही आवरला असता, तर मी आजही त्याच्या शेजारी बसून स्नूकर बघत असते.

मी केटल गॅसवर ठेवली आणि टीव्ही लावला. अँटेना जोडलेला नव्हता, त्यामुळे पडदा काळाच. पण टीव्हीला मागच्या मुक्कामाचे चॅनेल लक्षात असतात. नव्या जागी नव्याने शोधेपर्यंत जुनी यादी तशीच राहते. मी एरवी पोचल्याबरोबर शोध सुरू करते, जुनी यादी कधी बघतच नाही. या वेळी बघितली. चौथ्या क्रमांकावर वेल्श भाषेतला चॅनेल होता. बातम्या वेल्सच्या. सगळी यादीच वेल्सची.

मी पुढे गेले. आवडत्या चॅनेलची वेगळी यादी करून तिला नाव देता येतं, ते आम्ही कधी वापरलं नव्हतं. तिथे आता एक यादी होती. नाव होतं मॅबली.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला बाई दिसली. विधवा, माझ्याहून बारीक, केस नीट रंगवलेले. सहासष्टाव्या वर्षी या माणसाने केसाने गळा कापला, असं मनात आलं, आणि त्यातसुद्धा मला थोडं हसू आलं, कारण नेव्हिल झोपेत दात खातो. मग मी ती यादी उघडली. त्यात सहा चॅनेल होते आणि सहाच्या सहा कार्टूनचे.

केटल शिट्टी घालायला लागली, मी ती बंद केली. म्हणजे पोर. वेल्समधलं पोर, जे आमच्या व्हॅनमध्ये बसून कार्टून बघतं. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही, पण मी ते स्वतःशीसुद्धा म्हणायला धजत नव्हते. मी टीव्ही तसाच चालू ठेवला आणि समोर बसून राहिले.

नेव्हिल वीस मिनिटांनी आला, खुशीत. "त्याच्या बायकोला आत बसवलं आणि पाचव्या मिनिटाला चित्र. काचेसारखं. ती म्हणाली, तुमच्यासारखा माणूस..." मग त्याला पडदा दिसला.

मी विचारलं, "लिंकनशरमध्ये आतून कोण ओरडत होतं?"

"कसलं ओरडत होतं?"

"तू बाहेर खांब फिरवत होतास. आतून 'बरंय', 'गेलं' कोण म्हणत होतं?"

"मी एकटाच होतो. केलं कसंतरी."

"एकट्याचं काम नाही ते. कुणाच्या बापाला जमणार नाही. मी इथून ऐकलं."

तो दारातच पायरीवर बसला. पाठ माझ्याकडे. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, "मॅबली कोण?"

"साडेचार वर्षांची आहे," तो म्हणाला.

"मी वय नाही विचारलं."

"रोवीनाची."

मला नात होती. साडेचार वर्षं मला नात होती आणि मी शेजारणींच्या नातवंडांसाठी स्वेटर विणत होते. मला आनंद व्हायला हवा होता, तो कुठेतरी झालाही असेल, पण त्याच्यापर्यंत मी पोचू शकत नव्हते. मध्ये हा माणूस बसला होता.

"दर मे महिन्यात?"

"हो. एकदा ऑक्टोबरातही. ब्रेकचं म्हणालो होतो ना, तेव्हा."

"घरात राहत होतास त्यांच्या?"

"नाही, नाही. गावाबाहेर साइट आहे, तिथेच व्हॅन लावतो. पोरीला व्हॅनमध्ये झोपायला आवडतं."

"कुठे झोपते?"

तो बुटाची नाडी सोडायला लागला. मी पुन्हा विचारलं.

"तुझ्या जागेवर," तो म्हणाला. "रोवीना आत बसून सांगते आणि ती पोरगीही ओरडते, गेलं आजोबा, गेलं. चित्र स्वच्छ असलं तरी ओरडते, लबाड आहे." आणि तो हसला. एवढं सगळं होऊनसुद्धा त्या पोरीच्या आठवणीने त्याला हसू आलं. मला त्या क्षणी त्याला पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

"नंबर दे."

"एव्हरिल, आधी माझं ऐकून तर..."

"नंबर."

त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. रोवीनाचा नंबर त्याने 'ओल तपासणी' या नावाने ठेवला होता.

त्या साइटवर फोन फक्त भांडी घासायच्या शेडपाशी लागतो. दोन बायका बशा धूत होत्या, त्यांना मी ओळख नसताना मान हलवली. फोन दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोल बाबा, पोचलात? टीव्ही लागला का?"

आवाज जरा जाड झाला होता. बाकी तोच.

"बाबा?"

"मी आई."

पलीकडे एक दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाबाला काही झालंय का?"

"काही झालेलं नाही. धडधाकट आहे."

"मग फोन का केलास?"

सहा वर्षं मनात घोळवलेलं सगळं विसरले आणि नको तेच तोंडातून निघालं. "तू माझं पत्र का नाही उघडलंस?"

"कसलं पत्र?"

"चार पानी. चार वर्षं झाली. बाबाने पाठवलं होतं."

"मला कुणाचं पत्र आलेलं नाही," रोवीना म्हणाली. "पत्र मी दिलं होतं. मॅबली झाली तेव्हा. फोटो घालून बाबाच्या हातात दिलं, तुला द्यायला. आणि तो परत आला आणि मला म्हणाला, तिनं लिफाफा उघडलासुद्धा नाही."

मी शेडच्या खांबाला धरलं. तेच शब्द. त्याने माझ्यासाठी एक खोटं आणि तिच्यासाठी दुसरं, एवढेही कष्ट घेतले नव्हते. एकच वाक्य दोघींना वाटून दिलं. बशा धुणाऱ्या बायकांपैकी एकीने विचारलं, "बरं वाटतंय ना?" मी हो म्हटलं.

"आई, तू रडतेस?"

"पत्ता सांग. मी येतेय."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने विचारलं, "बाबा येतोय बरोबर?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पत्ता सांगितला.

मी परत आले तेव्हा नेव्हिल खांब बसवत होता. खरंच. अँटेनाच्या काड्या आडव्या करून, तोंड पूर्वेला करून, तो खाली उभा राहून खांब फिरवत होता. आत कुणी नव्हतं. तो नुसताच फिरवत होता. मी त्याचा फोन पायरीवर ठेवला.

"तिला माझं पत्र दिलं नाहीस आणि मला तिचं दिलं नाहीस," मी म्हणाले. "का?"

"तेव्हा तुम्ही दोघी इतक्या चिडलेल्या होतात..."

"मी चार पानी माफी मागितली होती. तू वाचलंस ना ते?"

"वाचलं."

"मग का?"

त्याने खांब सोडला नाही. "तुम्ही दोघी बोलायला लागलात की घरात मी नसतोच, एव्हरिल. आधीपासून. जेवणाच्या टेबलावर तुम्ही दोघी, फोनवर तुम्ही दोघी. मला विचारायचं ते एवढंच, बाबा, मीठ सरकव. मग तुमचं फिसकटलं आणि तू माझ्याशी बोलायला लागलीस. रोज संध्याकाळी. आणि तिकडे गेलो की ती माझ्याशी बोलायची. पोरगी माझी वाट बघायची, खिडकीत उभी राहून. पहिल्यांदा वाटलं, एक महिना थांबू आणि सांगू. मग दुसरा महिना. मग सांगण्यासारखं राहिलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. त्याने मला फार राग आला. लंपट माणूस असता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. मिठाचं ते खरं होतं. पण घरातली जागा मिळवायला त्याने माझ्याकडून मुलगी काढून घेतली होती, तिच्याकडून आई, आणि दोघींच्या डोळ्यांतलं पाणी आपल्याच रुमालाने पुसून वर चांगुलपणा घेतला होता.

"तू माझा हात धरून बसला होतास," मी म्हणाले. "ते पत्र फाडून आलास आणि माझा हात धरलास."

तो म्हणाला, "ओटकेक काढू का? सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस."

मी आत जाऊन पर्स घेतली, कोट घेतला आणि हुकावरची गाडीची किल्ली घेतली. व्हॅन सुटी करून ठेवलेलीच होती. मी गाडीत बसले तेव्हा तो खिडकीशी आला.

"गाडी नेतेस? मग मी इथे काय करू? गाडीशिवाय व्हॅन हलत नाही."

"माहीत आहे मला."

"आठवडाभर?"

"टीव्ही बघ," मी म्हणाले.

डेस्मंड टकवेल आणि त्याची बायको खुर्च्या टाकून बाहेर बसले होते. त्यांनी मला हात केला. मीही केला.

हद्द ओलांडली तसा रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंनी कुंपणं, मध्ये मेंढ्या, आणि प्रत्येक वळणाच्या पलीकडे ट्रॅक्टर. मी फार गाडी चालवत नाही. लांबच्या रस्त्याला नेव्हिल चालवतो आणि मी पुदिन्याच्या गोळ्या सोलून देते. मला भीती वाटत होती, राग येत होता, आणि मध्येच पोरीचा चेहरा कसा असेल असा विचार येत होता. फोटो मी पाहिला असता तर निदान चेहरा माहीत असता. दीड तास झाल्यावर गाडीत ठेवलेला माझा फोन वाजला. नेव्हिल. मी दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला. वाटलं, माफी मागेल. मी ती कशी नाकारायची याचे शब्दही जुळवले होते.

"कुठे पोचलीस?" त्याने विचारलं.

मी सांगितलं नाही.

"तुला फोनमधला नकाशा शेताच्या फाटकापाशी नेऊन सोडेल," तो म्हणाला. "तो सगळ्यांना तिथेच नेतो, त्या बाजूने रस्ता नाही. दगडी पूल लागला की त्याचं ऐकू नकोस. पूल ओलांडून दुसरं वळण, डावीकडे. पहिलं नाही, पहिलं चॅपलकडे जातं. ऐकतेस ना?"

मला फोन ठेवून द्यायचा होता. माझ्याच मुलीच्या घरचा रस्ता हा माणूस मला सांगत होता, आणि मला तो माहीत नव्हता. मी ठेवला नाही.

"चढ आहे, पहिल्या गिअरमध्येच घे. वर गेलीस की पांढरं घर दिसेल, ते नाही. त्याच्या मागचं, राखाडी दाराचं. गाडी भिंतीला लागून लाव, नाहीतर एम्रिसचा ट्रॅक्टर बाहेर निघत नाही. कुत्रा भुंकतो, पण काही करत नाही. आणि दाराला दोन बेल आहेत, त्यातली खालची दाब. वरची वाजत नाही."

"झालं?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. मग परत, "एव्हरिल..." पण तेवढ्यात पूल आला, आणि मी फोन बंद केला.

मी दुसरं वळण घेतलं. चढ पहिल्या गिअरमध्ये चढले. पांढरं घर सोडलं. गाडी भिंतीला लागून लावली. कुत्रा भुंकला. सगळं त्याने सांगितलं तसंच होतं, एक शब्दही चुकला नव्हता. मी राखाडी दारासमोर उभी राहिले आणि आधी वरची बेल दाबली. बोट दुखेपर्यंत दाबून धरली. आत काहीच वाजलं नाही.

मग मी खालची दाबली.